गळाच्या काठ्या नेमक्या किती हव्यात? धानपट्ट्यातील तलाव आणि वैनगंगेवर वापरलेल्या पाच काठ्यांचे परीक्षण

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात राहून हौसेने गळ टाकणाऱ्या माणसाला रीलच्या, म्हणजे दोर गुंडाळायची चकरी बसवलेल्या, दोन काठ्या आणि बांबूची एक साधी काठी एवढे साहित्य पुरते, असे माझे ठाम मत आहे. रीलची तिसरी काठी घेण्याचे कारण एकच असू शकते आणि तेही सर्वांना लागू होणारे नाही. हे मत ज्या काठ्या वापरून झाले, त्यांचे हे परीक्षण आहे: सात फुटांची भरीव फायबरची, आठ फुटांची कार्बन आणि फायबरच्या मिश्रणाची, नऊ फुटांची घडीची, बारा फुटांची जड काठी आणि शेताच्या बांधावरचा बांबू. कंपन्यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण एकसारखीच काठी अनेकदा वेगवेगळ्या नावांनी विकायला असते आणि घेणाऱ्याने पाहायचे असते ते काठीचे अंग, तिच्यावरचा छाप नव्हे.

दुकानात गेल्यावर काठीची लांबी आणि किंमत या दोनच गोष्टींवर बोलणे होते. प्रत्यक्षात काठ्यांची संख्या ठरते ती आपण किती वजन फेकणार यावरून. प्रत्येक बऱ्या काठीवर मुठीच्या वर बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ १० ते ४० ग्रॅम. याचा अर्थ एवढ्या वजनाचे आमिष किंवा शिसे फेकताना ती काठी योग्य प्रमाणात वाकते आणि सरळ होताना ते वजन पुढे भिरकावते. त्याहून हलके वजन लावले तर काठी वाकतच नाही आणि आमिष पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पायथ्याशीच पडते. त्याहून फार जड लावले तर शेंड्याकडचा भाग किंवा जोडाच्या वरचा भाग आज ना उद्या तुटतो. आपल्याकडच्या पाण्यात हौशी माणूस मुळात तीनच प्रकारची वजने फेकतो. फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खुणेची कांडी) आणि गांडूळ, ज्याचे वजन नसल्यासारखेच असते. मरळीसाठीची रबरी बेडकी किंवा चमचा (चमच्यासारखे धातूचे नकली आमिष), जो साधारण १० ते ३० ग्रॅमचा असतो. आणि शिसे लावलेला कणकेचा किंवा ढेपेचा गोळा, जो तलावात ४० ग्रॅमच्या आसपास राहतो आणि वाहत्या नदीत ८० ग्रॅमच्याही पुढे जातो. संख्येचा सगळा हिशेब या वजनांतूनच निघतो.

मासा वेगळा म्हणून काठी वेगळी हवी, हा समज मात्र सोडून द्यायला हवा. कतला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. पण या तिघांसाठी बदलायचे असते ते आमिषाचे पाण्यातील अंतर, आणि ते फ्लोट वर-खाली सरकवून किंवा शिसे काढून-लावून साधते. रोहूची काठी आणि कतल्याची काठी अशा दोन वेगळ्या काठ्या विकत घ्यायला लावणारा दुकानदार आपल्या गल्ल्याचा विचार करीत असतो.

सात फुटांची भरीव फायबरची काठी ही बहुतेकांची पहिली काठी असते. रीलसह मिळणाऱ्या स्वस्त संचात हीच येते. भरीव म्हणजे तिच्यात पोकळी नसते. काचतंतूंचा एकसंध दांडा शेंड्याकडे निमुळता होत गेलेला असतो. त्यामुळे ती हाताला जड लागते आणि दिवसभर हातात धरून सतत फेकण्यासाठी ती गैरसोयीची आहे. परंतु तिच्याइतकी सोशिक काठी दुसरी नाही. बैलगाडीत टाका, मोटारसायकलला बांधा, पाळीवरच्या दगडांत टेकवून ठेवा, ती सहसा दगा देत नाही. ती मुठीपर्यंत वाकते आणि मासा जोरात पळाला तर त्याचा धक्का स्वतःच पिऊन टाकते, म्हणून गळ माशाच्या तोंडातून निसटण्याचे प्रमाण कमी राहते. कणकेचा गोळा टाकून काठी दुबेळक्यावर (दोन फाट्यांच्या आधारावर) ठेवायची, शेंड्याला घुंगरू अडकवायचे आणि वाट पाहायची, या पद्धतीला ती चोख आहे. तलावाच्या पाळीवर सात फूट लांबीचा आणखी एक फायदा असा, की बाभळी आणि आंब्याच्या फांद्यांखालून फेकताना ती वर अडकत नाही. मालगुजारी काळातल्या जुन्या तलावांच्या पाळींवर झाडे इतकी दाट वाढलेली असतात, की नऊ-दहा फुटांची काठी डोक्यावरून फिरवायला जागाच सापडत नाही.

तिचा खरा दोष काठीत नसून, दोर ज्यांतून ओवलेला असतो त्या कड्यांत असतो. माझ्या काठीच्या कड्यांमध्ये पांढऱ्या चिनीमातीसारखे वलय होते आणि ते पहिल्या पावसाळ्यातच एका जागी तडकले. डोळ्यांना ती चीर दिसत नव्हती. दोर मात्र दर वेळी एकाच अंतरावर खरवडला जाऊन तुटत होता. याची परीक्षा आपल्या भागात अगदी सोपी आहे. कापसाचा एक लहानसा पुंजका पिळून वात करावी आणि ती एकेका कडीतून हळूच ओढून काढावी. कडी गुळगुळीत असेल तर वात सरळ निघते आणि जिथे चीर असेल तिथे दोन-चार तंतू धरून राहतात. माझ्या काठीत शेंड्याकडून तिसऱ्या कडीच्या खालच्या बाजूला हे पांढरे तंतू अडकले आणि दोर तुटण्याचे कोडे तिथेच सुटले. कडी बदलून घेतल्यावर ती काठी आजही कामात आहे. नवीन काठी घेतानासुद्धा दुकानातच ही वात ओढून पाहावी, दुकानदार काय म्हणेल याची पर्वा करू नये.

दुसरी काठी आठ फुटांची, पोकळ नळीची, कार्बन आणि काचतंतू यांच्या मिश्रणाची, दोन तुकड्यांची आणि १० ते ४० ग्रॅम वजन फेकणारी. एकच काठी ठेवायची वेळ आली तर मी हीच ठेवीन. मरळीसाठी तर तिला पर्याय नाही. मरळ हवेतून श्वास घेणारा मासा आहे. तो मधूनमधून वर येऊन हवा घेतो, आणि बेशरमीच्या जाळीत, कमळाच्या पानांखाली किंवा शिंगाड्याच्या वेलींच्या कडेला दबा धरून बसतो. तिथे बेडकी नेमकी टाकायची, पानांवरून सरकवत आणायची आणि फटका बसल्यावर क्षणभर थांबून काठी जोरात मागे खेचायची, असे हे काम आहे. मरळीचा जबडा कठीण असतो आणि गळ रुतवण्यासाठी शेंड्यामागची काठी ताठ लागते. भरीव फायबरची काठी इथे नुसती वाकत राहते आणि तेवढ्या वेळात मासा वेलींत शिरून दोर गुंडाळून घेतो. आठ फुटांच्या काठीने मासा पहिल्याच ओढीत पानांवर येतो. ती हलकी असल्याने तासन्‌तास फेकत राहिले तरी मनगट भरून येत नाही, आणि ४० ग्रॅमपर्यंतचा गोळाही ती निभावून नेते, म्हणून तलावात बुडीच्या, म्हणजे तळाशी ठेवायच्या, गळासाठी दुसरी जोडकाठी म्हणून ती उपयोगी पडते. इथे एक विनंती करावीशी वाटते: पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिलांचा घोळका दिसला तर तिथे बेडकी टाकू नये. मरळीचे आईबाप त्या पिलांची राखण करीत असतात, ते त्वेषाने आमिषावर येतात आणि ते गेले की सगळा घोळका इतर माशांच्या तोंडी जातो.

या काठीचे दोन धोके मात्र नीट समजून घ्यावेत. पोकळ नळी वाकण्यात मजबूत असते, परंतु आडव्या टोल्याला नाजूक असते. दगडावर आपटली, शिशाचा गोळा तिच्यावर आदळला, किंवा मोटारसायकलच्या स्टँडखाली आली, तर त्या क्षणी काही दिसत नाही. नंतर कधीतरी मोठा मासा लागला असताना ती नेमकी त्याच जागी मोडते. मासा काठीने उचलून पाळीवर घेण्याची सवयही तिला मारक आहे, कारण काठी उभ्या रेषेच्या मागे गेली की सगळा ताण बारीक शेंड्यावर येतो. त्यासाठी हातजाळी ठेवावी.

दुसरा धोका जिवाचा आहे. कार्बन विजेचा वाहक आहे. आपल्याकडे पाटाच्या कडेने आणि तलावाच्या पाळीवरून शेतीपंपांच्या वाहिन्या गेलेल्या असतात, अनेक ठिकाणी तारा लोंबकळलेल्या असतात, आणि हात वर करून काठी फेकताना शेंडा किती उंच जातो याचा अंदाज राहत नाही. ब्रिटनमध्ये हौशी मासेमारांना वरून जाणाऱ्या वाहिन्यांपासून किमान ३० मीटर दूर राहण्याची सूचना दिली जाते. आपणही ती पाळावी. उच्चदाबाच्या वाहिनीला काठी प्रत्यक्ष टेकण्याचीही गरज नसते, पुरेशी जवळ गेली तरी वीज उडी घेते. मृगाच्या आणि परतीच्या पावसात ढग गडगडू लागले की काठी आडवी ठेवून पाळीवरून उतरावे. काचतंतूची किंवा बांबूची काठी कार्बनइतकी वाहक नसते, तरी ओली झाली की तिचाही भरवसा नाही.

घडीच्या काठीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. नऊ फुटांची काठी पिशवीत मावते, एसटीत मांडीवर घेऊन बसता येते, हे खरे आहे आणि ज्याला नोकरीच्या गावाहून सुटीत घरी येताना काठी बरोबर आणायची आहे, त्याला ती सोयीची आहे. पण तिच्यात जितके तुकडे तितके जोड असतात, नदीची बारीक रेती आणि तलावाचा गाळ त्या जोडांत शिरतो, मग कधी तुकडा बाहेर येत नाही तर कधी आत जात नाही, आणि जोर लावून पिळले की नळीच्या कडेला चीर पडते. शिवाय दोन तुकड्यांची आठ फुटांची काठी सुटी केली की चार फुटांचीच होते आणि ती ओलिताच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात, दोन्ही टोकांना झाकण बसवून, मोटारसायकलला व्यवस्थित बांधता येते. पाइपचा तुकडा बहुतेक शेतकऱ्यांच्या घरी पडलेलाच असतो. म्हणून घडीच्या काठीला माझ्या हिशेबात जागा नाही.

बांबूच्या काठीला मात्र आहे, आणि ती रीलच्या काठीची गरिबांची बदली म्हणून नव्हे. फ्लोट आणि गांडूळ यांचे वजन इतके कमी असते, की त्यासाठी रीलची वेगळी हलकी काठी घ्यावी लागते आणि तिच्यासाठी वेगळे लहान रील व वेगळा बारीक दोर. तेच काम दहा-बारा फुटांचा बांबू आणि त्याच्या शेंड्याला बांधलेला त्याच लांबीचा दोर अधिक नेमकेपणाने करतो. धानाच्या बांध्यांना लागून असलेल्या बोड्यांत (लहान तळ्यांत), पाटाच्या वळणावर, सांडव्याखालच्या डबक्यात फार दूर फेकायचेच नसते. लव्हाळ्याच्या दोन झुडपांमधल्या हातभर मोकळ्या पाण्यात गळ अलगद सोडायचा असतो. आपल्या जंगलातला आणि बांधावरचा वेळू कोरड्या जमिनीत वाढला की जवळजवळ भरीव होतो, त्याच्या पेरी जवळजवळ असतात आणि तो शेंड्याकडे सुरेख लवचिक असतो. काठीसाठी कोवळा बांबू घेऊ नये. तीनेक वर्षांचा, पक्का झालेला, पावसाळा सरल्यावर तोडलेला बांबू घ्यावा, पेरांवरचे डोळे कोयत्याने तासून घ्यावेत आणि तो सावलीत, टोक वर ठेवून दोरीने ताणून वाळवावा, म्हणजे वाकडा होत नाही. जिथे बाक राहिला असेल तिथे मंद आचेवर शेकून हाताने सरळ करता येतो. दोर नुसता शेंड्याला गाठ मारून बांधू नये. तो शेंड्यापासून काठीला विळखे देत मुठीपर्यंत आणून तिथे पक्का करावा, म्हणजे शेंडा मोडला तरी मासा दोरासह हातातच राहतो. फ्लोटला ज्वारीच्या धांड्याचा सोललेला तुकडा पुरतो. स्वतःच्या शेतातला बांबू तोडण्याची अडचणही आता उरलेली नाही, कारण २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. जंगलातला बांबू मात्र परवानगीशिवाय तोडू नये.

आता राहिली बारा फुटांची जड काठी. हिच्यावर ग्रॅमऐवजी पौंडांचा आकडा असतो, जसे पावणेतीन किंवा तीन पौंड. काठी आडवी धरून शेंडा काटकोनात वाकवायला जेवढा भार लागतो तो हा आकडा. पवनीच्या खाली किंवा देसाईगंजाच्या बाजूला वैनगंगेचे पात्र रुंद आणि रेताड आहे. कडेला गुडघाभर पाणी आणि धार पार मध्यावर, अशी स्थिती असली की आठ फुटांच्या काठीने धारेपर्यंत पोहोचता येत नाही, आणि पोहोचलेच तर ४० ग्रॅमचे शिसे प्रवाह ओढून नेतो. बारा फुटांच्या काठीने ८०–९० ग्रॅमचा भार धारेत जातो आणि उंच धरलेल्या शेंड्यामुळे बराचसा दोर पाण्याबाहेर राहतो, म्हणून प्रवाहाचा ओढाही कमी बसतो. हे तिचे काम ती उत्तम करते. तिसरी रीलची काठी घेण्याचे एकमेव कारण हेच: ज्याचे गाव मोठ्या नदीच्या काठावर आहे आणि जो खरोखर धारेत गळ टाकतो, त्याने ती घ्यावी. वर्षातून एखाद्या वेळी नदीवर जाणाऱ्याने ती घेऊ नये, कारण तिला मोठे रील, जाड दोर आणि रेतीत रोवायचा दांडा लागतो, तलावाच्या पाळीवर ती झाडांत अडकते आणि एरवी ती घरी नुसती पडून असते.

एकाच प्रकारच्या तीन-चार काठ्या ओळीने लावण्याची हौस अनेकांना असते आणि जितके गळ तितके मासे, असा त्यामागचा हिशेब असतो. तो प्रत्यक्षात चुकतो. पाच-सहा किलोचा कतला लागला की तो सरळ समोर पळत नाही, पाळीला समांतर पळतो. त्या वेळी शेजारचा दोर वर काढून घेणे एका माणसाला कसेबसे जमते, तीन दोर काढणे जमत नाही आणि सगळ्यांचा एक गुंता होतो. शिवाय घुंगरू वाजल्यावर चौथ्या काठीपर्यंत धावत जाईस्तोवर मासा कणीक खाऊन गेलेला असतो. आपल्या बहुतेक तलावांचा मासेमारीचा ठेका गावातल्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तेथे मत्स्यबीज सोडण्याचा खर्च ढीवर (मासेमार समाजाच्या) बांधवांनी केलेला असतो, आणि त्यांच्या डोंग्यांची व जाळ्यांची वाट आपल्या दोरांनी अडवणे योग्य नाही. संस्थेची परवानगी घेऊन, ठरलेले पैसे देऊन, दोन काठ्या टाकून बसणाऱ्याला सहसा कोणी हरकत घेत नाही. व्याघ्रप्रकल्प आणि अभयारण्यांच्या हद्दीतील पाण्यात तर एकही काठी नेऊ नये; पेंच व्याघ्रप्रकल्पातील तोतलाडोहसारख्या जलाशयात मासेमारीला बंदी आहे.

काठीची किंमत ही एकट्या काठीची कधीच नसते, कारण तिच्याबरोबर रील येते, दोर येतो, आणि दोर दर वर्षी बदलावा लागतो. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४६ अंशांच्या पुढे जातो आणि एकूण विदर्भातच ऊन असे आहे, की नायलॉनचा दोर वर्षभरात कडक आणि ठिसूळ होतो. बोटाभोवती गुंडाळून सोडला की तो स्प्रिंगसारखा वळलेला राहतो, तेव्हा तो बदलण्याची वेळ आली असे समजावे. काठ्या टिनाच्या छपराखाली ठेवल्या तर मुठीचा डिंक सुटतो आणि कड्यांवरचा लेप पिवळा पडून तडकतो, म्हणून त्या घरातल्या थंड भिंतीला, उभ्या किंवा खुंट्यांवर आडव्या ठेवाव्यात. तिसऱ्या-चौथ्या काठीवर जाणारा पैसा चांगल्या रीलवर, ताज्या दोरावर आणि धारदार गळांवर गेला तर हाती जास्त मासे लागतात, हा माझा अनुभव आहे. बदललेला जुना दोर पाळीवर टाकून येऊ नये. गोंदियाच्या तलावांवर आणि धानाच्या बांध्यांत सारस वावरतात, महाराष्ट्रात त्यांची शेवटची जोडपी याच भागात उरली आहेत, आणि लांब पायांच्या पक्ष्याला नायलॉनच्या गुंत्यातून सुटता येत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी बांबू तयार करावा, मग आठ फुटांची दोन तुकड्यांची काठी घ्यावी आणि एक पावसाळा-हिवाळा तिच्यावर काढल्यानंतर, कणीक टाकून बसणे आवडते असे दिसले तरच, भरीव फायबरची घ्यावी. दुकानात काठी हातात आल्यावर प्रथम तिच्यावरचा वजनाचा आकडा वाचावा. आकडा नसेल तर ती काठी परत ठेवावी. मग दोन्ही तुकडे जोडून एका डोळ्याने मुठीकडून शेंड्याकडे पाहावे आणि सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का ते तपासावे. जोड हलवून पाहावा. तो किंचितही खटखटत असेल तर ती काठी घेऊ नये. रील बसवून तिची पकड घट्ट करावी आणि रील हाताने डुलवून पाहावी, कारण प्लास्टिकची बैठक पुढे इथेच ढिली होते. कापसाची वात ओढावी. आणि शेवटी दुकानदाराला शेंडा धरायला सांगून काठी हळूहळू वाकवावी. आठ फुटांची चांगली काठी शेंड्याकडच्या तिसऱ्या हिश्शात अधिक वाकते, मुठीकडे ताठ राहते आणि सोडल्यावर थरथरत न बसता लगेच सरळ होते.